शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधले टीबीचे मृत्यू आणि वयाचं टेबल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कम्युनिटी मेडिसिनचे विद्यार्थी, स्टॅटिस्टिक्स शिकणारी मुलं, इतिहासाची आवड असलेली मंडळी, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. साधारण १९०० ते १९१४ या काळातल्या इंग्लंडच्या छोट्या-मोठ्या शहरी भागांचे हेल्थ रिपोर्ट डोळ्यासमोर ठेवलेत. शेवटी मुंबईबद्दलही आहे, कारण ते विचारल्याशिवाय कोणी राहत नाही.

१. हे टेबल नक्की कोण बनवायचं आणि कशासाठी?

प्रत्येक भागाला एक मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ असायचा, म्हणजे आपल्या नगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यासारखा. १८७० च्या दशकातल्या कायद्यांनी हे पद सगळीकडे सक्तीचं झालं. त्याने दरवर्षी एक रिपोर्ट लिहायचा आणि तो लोकल गव्हर्नमेंट बोर्ड या लंडनमधल्या खात्याला पाठवायचा. त्या रिपोर्टात ठरलेल्या नमुन्याची टेबलं जोडायची असत, त्यातलं एक मृत्यूची कारणं आणि वय यांचं. डाव्या बाजूला आजारांची यादी, वर आडवे वयाचे कॉलम, आणि प्रत्येक चौकटीत माणसं. नमुना बोर्डाने ठरवून दिलेला असल्याने वेगवेगळ्या गावांची टेबलं एकमेकांशेजारी ठेवता येतात, ही त्यातली सगळ्यात मोठी सोय. लंडन आणि आसपासच्या भागांचे असे हजारो रिपोर्ट वेलकम कलेक्शनने, म्हणजे लंडनमधल्या वैद्यकाच्या इतिहासाच्या संग्रहालयाने, स्कॅन करून फुकट ऑनलाइन ठेवलेत, तिथून सुरुवात करा.

२. अर्बन डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा का?

नाही, जिल्हा समजून वाचलंत तर सगळंच चुकेल. १८९४ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये काऊंटीच्या (ही खरी आपल्या जिल्ह्यासारखी) खाली अर्बन डिस्ट्रिक्ट आणि रूरल डिस्ट्रिक्ट असे तुकडे पडले, अर्बन डिस्ट्रिक्ट म्हणजे साधारण नगरपालिकेचा भाग. १९७४ पर्यंत ही रचना चालली. आकार मात्र कसाही असायचा, काही जेमतेम पाच-सात हजार वस्तीचे आणि लंडनच्या कडेचं विल्सडेन किंवा वेल्समधल्या कोळसा खाणींचं ऱ्हॉन्डा १९११ मध्ये दीड लाखाच्या वर. त्यामुळे टेबल उघडलं की आधी पहिल्या पानावरची लोकसंख्या बघा, मग आकडे. दोन भागांचे नुसते मृत्यू शेजारी ठेवून कोण वाईट ते ठरवू नका.

३. टेबलमध्ये टीबी असं कुठे लिहिलेलंच नाहीये, मग बघू कुठे?

दोन-तीन ओळी शोधायच्या. फुप्फुसाचा टीबी 'थायसिस' या नावाखाली असतो. मेंदूच्या आवरणाचा टीबी, पोटातल्या गाठींचा, हाडांचा, सगळीकडे पसरलेला, हे सगळं जुन्या टेबलमध्ये 'इतर ट्युबरक्युलर आजार' अशा एका ओळीत कोंबलेलं असतं. १९११ पासून नमुना बदलला आणि ट्युबरक्युलस मेनिंजायटिसला, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या टीबीला, स्वतःची ओळ मिळाली.

नुसती थायसिसची ओळ घेतलीत तर लहान मुलं जवळजवळ गायब होतात, कारण लहानांचा टीबी बहुतेक 'इतर' मध्ये आहे. मोठ्यांचं उलट, त्यांचा जवळपास सगळा थायसिसमध्ये. वयाचा अभ्यास करायचा असेल तर दोन्ही ओळी वेगवेगळ्या लिहून घ्या आणि मगच बेरीज करा, आधी बेरीज केली की परत सुटं करता येत नाही.

४. वयाचे कॉलम असे विचित्र का आहेत? आणि १९११ च्या आधीचे आणि नंतरचे जुळत का नाहीत?

कारण ते खरंच बदलले. आधीच्या नमुन्यात १ वर्षाखाली, १ ते ५, ५ ते १५, १५ ते २५, २५ ते ६५ आणि ६५ च्या वर असे सहा गट होते. आता बघा, २५ ते ६५ म्हणजे चाळीस वर्षं एकाच चौकटीत. नुकतं लग्न होऊन पदरात तान्हं मूल असलेली बाई आणि नातवंडं झालेला गवंडी एकाच आकड्यात. टीबीने कर्ती माणसं ज्या वयात नेली नेमकं तेच वय या कॉलमने झाकून टाकलंय, याची मला दर वेळी हळहळ वाटते.

नंतरच्या नमुन्यात १ ते २, २ ते ५, ५ ते १५, १५ ते २५, २५ ते ४५, ४५ ते ६५ असे तुकडे झाले. १९०५ आणि १९१२ ची तुलना करायची तर नवीन कॉलम जोडून जुने बनवा, म्हणजे २५-४५ आणि ४५-६५ ची बेरीज करा. जुना मोठा कॉलम अंदाजाने फोडायच्या फंदात पडू नका, असे फोडलेले आकडे पुढे कोणीतरी खरे म्हणून वापरतं.

५. सरळ सांगा, कुठल्या वयात टीबीने सगळ्यात जास्त लोक जायचे?

एक शिखर नाही, दोन आहेत आणि मध्ये खोल दरी. अगदी लहानपणी, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत, मृत्यूचं प्रमाण खूप. मग ५ ते १५ मध्ये एकदम खाली. पंधरा-सोळाच्या पुढे पुन्हा चढण सुरू आणि ती चढण लांब चालते. १८५० च्या दशकात थायसिसचा दर पुरुष आणि बायका दोघांतही साधारण २० ते ३५ या वयात सगळ्यात वर होता. १९०१ ते १९१० च्या दशकात येईपर्यंत देशपातळीवर हे शिखर बायकांमध्ये ३५-४५ आणि पुरुषांमध्ये ४५-५५ कडे सरकलेलं दिसतं. शिखर का सरकलं ते प्रश्न १५ मध्ये आहे, तो वाचल्याशिवाय 'म्हणजे नंतर म्हाताऱ्यांचा आजार झाला' असं लिहू नका.

एकूण आकार लक्षात यावा म्हणून : १९१० च्या आसपास इंग्लंड आणि वेल्समध्ये सगळ्या प्रकारच्या टीबीने वर्षाला साधारण ५० हजार माणसं जात होती, लोकसंख्या ३ कोटी ६० लाख.

६. ५ ते १५ वयात एवढे कमी मृत्यू, म्हणजे शाळकरी मुलांना टीबी होतच नव्हता का?

होत होता. लागण तर भरपूर होत होती, त्या काळच्या शहरी वस्तीत मोठं होईपर्यंत बहुतेकांच्या शरीरात जंतू शिरलेला असायचा. पण या वयातलं शरीर लागण झाली तरी ती दाबून ठेवण्यात सगळ्यात पटाईत असतं, आणि हे जगभर, वेगवेगळ्या काळात सारखंच दिसलंय. हाडांचा, मणक्याचा, मानेच्या गाठींचा टीबी या मुलांना व्हायचा, त्यातून पाठीला कुबड येणं, पाय आखडणं हे व्हायचं, पण ती मुलं बऱ्याचदा जगायची. मृत्यूच्या टेबलात ती दिसत नाहीत. अपंग मुलांच्या शाळांचे आणि हॉस्पिटलांचे कागद उघडले की दिसतात. ही दरी बघून 'त्या वयात त्रास नव्हता' असा अर्थ काढणं त्या मुलांवर अन्याय आहे.

७. तान्ह्या बाळांना टीबी कुठून व्हायचा? दुधातून हे खरं का?

दोन्हीकडून. घरात खोकणारं माणूस असेल, आई, आजी, भाडेकरू, तर बाळ तासन्‌तास त्याच्याजवळच, आणि दोन खोल्यांत पाच-सहा माणसं राहत असतील तर पळणार कुठे. दुसरी वाट दुधाची. टीबी झालेल्या गाईचं कच्चं दूध पोटात गेलं की आतड्याच्या गाठी, मेंदूचं आवरण असा टीबी व्हायचा.

यावर त्या काळात मोठा वाद झाला होता. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये जंतू शोधला, त्याच्या शब्दाला केवढं वजन, आणि त्यानेच १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत सांगितलं की गाईच्या टीबीपासून माणसाला फारसा धोका नाही. ब्रिटिश सरकारने लगेच रॉयल कमिशन बसवलं, त्याने दहा वर्षं प्रयोग केले आणि १९११ च्या शेवटच्या रिपोर्टात स्पष्ट म्हटलं की धोका आहे, मुलांना तर नक्कीच. मधली दहा वर्षं पोरं कच्चं दूध पीतच होती.

एक सावधगिरी. बाळांच्या बाबतीत 'टेबीज मेसेंटेरिका' हे निदान, म्हणजे पोटातल्या गाठींचा टीबी, फार सढळ हाताने लिहिलं जायचं. पोट फुगलंय, हातापायाच्या काड्या झाल्यात, जुलाब थांबत नाहीत असं बाळ गेलं की तेच लिहायचे, त्यातली कित्येक बाळं उन्हाळ्यातल्या जुलाबांनी किंवा उपासमारीने गेलेली असणार. त्यामुळे १ वर्षाखालच्या 'इतर टीबी' च्या आकड्यावर फार मोठी इमारत उभी करू नका. मेनिंजायटिसची ओळ त्यामानाने भरवशाची.

८. बायका जास्त जायच्या का पुरुष?

सगळी वयं एकत्र घेतली तर १९०० नंतर पुरुषांचा दर जास्त. पण १८५० च्या दशकात उलटं होतं, तेव्हा थायसिसमध्ये बायकांचा दर वर होता. आणि १९०० नंतरही ५ ते २० या वयात मुली मुलग्यांपेक्षा जास्त जात होत्या. म्हणजे उत्तर वयावर आहे, आणि ज्या टेबलात पुरुष-बायका वेगळे नाहीत तिथे हे सगळं पुसलं जातं.

कारणं शोधायची तर एकच एक सापडत नाही. पुरुषांच्या बाजूला धुळीची कामं, दगड, मातीची भांडी, शेफिल्डमधली चाकू-कात्र्यांना धार लावायची कामं, जिथे फुप्फुस धुळीनेच निकामी होऊन वर टीबी बसायचा. मुलींच्या बाजूला वयात येतानाचा काळ, घरात सगळ्यांत शेवटी जेवण, आजारी माणसाची सेवा यांच्याच अंगावर, मग लवकर बाळंतपणं. आणि अंगावर काढायची सवय, ती तिकडेही होतीच.

हिंदुस्थानात हा फरक आणखी भयानक होता. कलकत्त्याच्या हेल्थ ऑफिसरांनी १५ ते २० वयात मुलींचे टीबीचे मृत्यू मुलांच्या कित्येक पट असल्याचं नोंदवलंय आणि त्याचा संबंध पडदा आणि लवकरच्या लग्नांशी जोडलाय. आणि आपल्याला सगळ्यांना माहीत असलेलं नाव, डॉ. आनंदीबाई जोशी, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने गेल्या तेव्हा बावीसही पूर्ण नव्हत्या. १५ ते २५ चा कॉलम बघताना मला त्यांची आठवण येतेच.

९. २५-४५ च्या चौकटीत सगळ्यात मोठा आकडा आहे, म्हणजे त्या वयात धोका सगळ्यात जास्त, बरोबर ना?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकणारा मुद्दा. चौकटीतला आकडा म्हणजे मेलेली माणसं. धोका म्हणजे त्या वयाच्या जिवंत माणसांपैकी किती मेली. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो.

समजा एका गावात २५ ते ४५ वयाची १५,००० माणसं आहेत आणि त्यातली २४ टीबीने गेली. ४५ ते ६५ ची ६,००० आहेत, त्यातली १२ गेली. आकडा बघितला तर पहिला गट दुप्पट. दर काढला तर पहिल्यात लाखामागे १६० आणि दुसऱ्यात लाखामागे २००. धोका दुसऱ्यात जास्त निघाला. त्या काळच्या वाढत्या शहरांत तरुण कामगार लोंढ्याने येत होते, म्हणून मधल्या वयाचे आकडे आपोआप फुगतात.

म्हणून सेन्सस लागतो. १९०१ आणि १९११ चे सेन्सस वयानुसार लोकसंख्या देतात, मधल्या वर्षांसाठी अंदाज करावा लागतो, आणि झपाट्याने वाढणाऱ्या उपनगरात हा अंदाज बराच चुकू शकतो. शक्यतो सेन्ससच्या आसपासचीच वर्षं घ्या. १ वर्षाखालच्या बाळांसाठी भागाकार लोकसंख्येने करू नका, त्या वर्षीच्या जन्मांनी करा, कारण तान्ह्या बाळांची मोजणी सेन्ससमध्ये नेहमीच कमी पडते.

मात्र नुसते आकडेही टाकून देऊ नका. किती घरांतला कर्ता माणूस गेला, किती पोरं आईविना राहिली, हे कळायला दर उपयोगाचा नाही, तिथे २४ हाच आकडा लागतो.

१०. आमच्या भागात एका वर्षी १५-२५ मध्ये ४ मृत्यू आणि पुढच्या वर्षी ९. साथ आली होती का?

बहुधा काहीच झालं नव्हतं. टीबी हळू चालणारा आजार आहे, एका वर्षात उसळी मारून दुसऱ्या वर्षी बसत नाही. लहान आकडे नुसत्या योगायोगाने वर-खाली होतात. ढोबळ हिशेब असा : सरासरी ६ असेल तर त्याचं वर्गमूळ साधारण अडीच, त्याची दुप्पट पाच, म्हणजे एखाद्या वर्षी १ आणि एखाद्या वर्षी ११ आले तरी कपाळाला आठ्या घालायचं कारण नाही. पाच वर्षं एकत्र करा, ३० च्या आसपास मृत्यू मिळतील आणि मग काहीतरी बोलता येईल. त्या वेळचे चांगले हेल्थ ऑफिसर स्वतःच पाच किंवा दहा वर्षांची सरासरी शेजारी छापायचे, ती असेल तर तीच वापरा.

११. हॉस्पिटलमध्ये किंवा वर्कहाउसमध्ये गेलेले लोक कुठल्या भागात मोजले जायचे?

गरीब रोगी शेवटी शेवटी वर्कहाउसच्या दवाखान्यात जायचे, वर्कहाउस म्हणजे निराधारांसाठीचं सरकारी आश्रयस्थान. ते बऱ्याचदा दुसऱ्याच डिस्ट्रिक्टच्या हद्दीत असायचं. आता मृत्यू तिथे नोंदला गेला तर ज्या गावात वर्कहाउस आहे ते गाव उगाच बदनाम, आणि ज्या गल्लीतून माणूस आला ती गल्ली कागदावर निरोगी. दक्ष हेल्थ ऑफिसर बाहेरच्यांचे मृत्यू वजा करून आपल्या लोकांचे बाहेर झालेले मृत्यू मिळवायचे, पण प्रत्येकाची पद्धत वेगळी. १९११ पासून रजिस्ट्रार जनरलच्या, म्हणजे देशभरच्या जन्म-मृत्यू नोंदी सांभाळणाऱ्या, ऑफिसनेच मृत्यू मूळ राहण्याच्या जागी वर्ग करायला सुरुवात केली.

त्यामुळे १९१० आणि १९१२ मध्ये एखाद्या भागाचा आकडा एकदम बदललेला दिसला तर आधी ही शंका घ्या. टेबलाखालच्या बारीक टाइपातल्या टिपा जरूर वाचा. वयावरही याचा परिणाम होतो, कारण वर्कहाउसमध्ये जाणारे बहुतेक एकटे, मध्यमवयीन, मोलमजुरी करणारे पुरुष, म्हणजे ४५-६५ चा गट सगळ्यात जास्त हलतो.

१२. ६५ च्या वर टीबी जवळजवळ नाहीच दिसत. म्हाताऱ्यांना होत नव्हता?

होत होता, पण नाव दुसरं लागायचं. सत्तरीचा माणूस, वर्षानुवर्षं खोकला, कफ, हिवाळ्यात जास्त, तो गेला की डॉक्टर 'क्रॉनिक ब्रॉंकायटिस' लिहून मोकळे. थुंकी तपासायची सोय १९०० नंतर बऱ्याच ठिकाणी हेल्थ ऑफिसमार्फत फुकट मिळायला लागली होती, पण म्हाताऱ्यांची थुंकी पाठवणार कोण. हे आजोबा घरात नातवंडांना जवळ घेऊन बसायचे, म्हणजे टेबलातले दोन टोकाचे कॉलम खऱ्या आयुष्यात एकाच चुलीपाशी होते. म्हणून ६५ च्या वरचा टीबीचा आकडा बघताना शेजारी ब्रॉंकायटिसची ओळही बघा. निदान कसं लपवलं जायचं ते पुढच्या प्रश्नात.

१३. डॉक्टर मुद्दाम दुसरं कारण लिहायचे का?

कधी कधी, हो. १८७४ च्या कायद्यापासून मृत्यूच्या कारणाचा दाखला डॉक्टरने लिहून देणं बंधनकारक झालं. पण तो कागद जायचा घरच्यांच्या हातात, त्यांनी तो रजिस्ट्रारकडे न्यायचा. विचार करा, मुलगी वीस वर्षांची गेलीये, मागे दोन बहिणी लग्नाच्या आहेत आणि कागदावर 'थायसिस' लिहिलंय, तोच कागद बाप हातात घेऊन गावातून चालत जाणार. खानदानी रोग ही समजूत अजून गेलेली नव्हती. भाड्याची खोली, नोकरी, विम्याचे पैसे, सगळ्याचा प्रश्न. ओळखीचा डॉक्टर 'न्यूमोनिया' किंवा 'अशक्तपणा' लिहून द्यायचा, आणि मला त्याला सरसकट दोष देववत नाही.

किती मृत्यू असे लपले याचा नेमका आकडा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दिशा मात्र नक्की : खरे मृत्यू टेबलापेक्षा जास्तच असणार. लग्नाच्या वयातल्या मुली आणि वर म्हटल्याप्रमाणे म्हातारे, या दोन ठिकाणी गळती जास्त असण्याची शक्यता. प्रश्न ७ मधली बाळं मात्र उलट दिशेची.

१४. काही वर्षी नोंदवलेल्या केसेसपेक्षा मृत्यूच जास्त आहेत. असं कसं?

कारण आधी केस नोंदवायची सक्तीच नव्हती. शेफिल्डने १९०३ मध्ये स्वतःच्या स्थानिक कायद्याने ती केली, देशभर टप्प्याटप्प्याने आली, १९०८ मध्ये सरकारी गरीबखात्याचे रोगी, १९११ मध्ये हॉस्पिटलमधले, १९१२ पासून फुप्फुसाच्या टीबीचा प्रत्येक रोगी आणि १९१३ पासून टीबीचे सगळे प्रकार. त्यानंतरही कित्येकांची नोंद मरणाच्या आदल्या आठवड्यात व्हायची, काहींची मेल्यावरच.

१९१२-१३ मध्ये केसेसचा आकडा आभाळाला भिडलेला दिसतो तो या नियमांमुळे, आजार वाढला म्हणून नाही. त्याच सुमाराला १९११ च्या नॅशनल इन्शुरन्स कायद्याने विमा उतरवलेल्या कामगारांना सॅनेटोरियममध्ये उपचार मिळू लागले, म्हणजे नोंद करून घेण्यात पहिल्यांदा काहीतरी फायदा होता. घरातल्या बायका-मुलांना तो हक्क आपोआप नव्हता, म्हणून केसेसच्या यादीत कामकरी वयाचे पुरुष जास्त दिसले तर त्याचं नवल नाही. केसेसवरून वयाचा निष्कर्ष काढायचा असेल तर हे डोक्यात ठेवूनच काढा.

१५. काळाबरोबर शिखर मोठ्या वयाकडे का सरकलं? टीबीने आपलं वागणं बदललं का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. उत्तर दिलं अमेरिकेतल्या वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट या साथरोगतज्ज्ञाने, त्याचा लेख तो गेल्यानंतर १९३९ मध्ये छापून आला. नॉर्वेत आंद्वोर्दने त्याच्या आधीच ही वाट दाखवली होती.

फ्रॉस्टने मॅसॅच्युसेट्सचे १८८० ते १९३० चे आकडे घेतले. पुरुषांचे बघा, लाखामागे मृत्यू. १८८० मध्ये ०-४ वयात ७६०, ५-९ मध्ये ४३, २०-२९ मध्ये ४४४. १९३० मध्ये ०-४ मध्ये फक्त ४१, आणि सगळ्यात वरचा आकडा ५०-५९ मध्ये, १२७. बघणारा म्हणेल टीबी आता पन्नाशीचा आजार झाला.

पण १९३० मध्ये पन्नाशीत असलेले हे लोक १८८० मध्ये नऊ वर्षांच्या आत होते. त्यांच्याच मागे मागे जा : १९०० मध्ये ते २०-२९ चे, दर २८८. १९१० मध्ये ३०-३९ चे, दर २५३. १९२० मध्ये १७५, १९३० मध्ये १२७. म्हणजे अगदी लहानपण सोडलं तर या पिढीला सगळ्यात जास्त धोका पन्नाशीत नव्हताच, विशीतच होता, आणि तो उतरत आला होता. त्यांच्या लहानपणी टीबी घरोघर होता म्हणून त्यांच्या अंगात लागण जास्त, आणि नंतर जन्मलेल्या पिढ्यांना लागणच कमी झाली म्हणून तरुण वयाचे कॉलम त्यांच्यापेक्षा खाली गेले. एका वर्षाचं टेबल म्हणजे वेगवेगळ्या पिढ्यांची माणसं एका रांगेत उभी केलेली.

तुमच्या अर्बन डिस्ट्रिक्टच्या १९१२ च्या टेबललाही हेच लागू. ४५-६५ च्या चौकटीतली माणसं १८५० आणि ६० च्या दशकात जन्मलेली, जेव्हा थायसिसचा दर दुपटीहून जास्त होता. त्यांच्या मृत्यूवरून १९१२ मधल्या घरांची, गटारांची परीक्षा करू नका. त्या वर्षी लागण किती पसरत होती हे बघायचं तर लहान मुलांच्या मेनिंजायटिसची ओळ बघा, कारण लहान मुलांत लागण आणि मृत्यू यात अंतर थोडं असतं.

१६. औषधं नव्हती तरी दर कमी कसा झाला?

स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये, ब्रिटनमधली त्याची प्रसिद्ध ट्रायल छापून आली १९४८ मध्ये. तोपर्यंत दर बराच उतरला होता, हे खरं. औषधाशिवाय थुंकीत जंतू दिसणाऱ्या रोग्यांपैकी साधारण ७० टक्के दहा वर्षांत जायचे, त्यामुळे फरक पडला तो लागण आणि आजार कमी होण्यात. चांगलं अन्न, घरातली गर्दी कमी होणं, गंभीर रोगी वर्कहाउसच्या दवाखान्यात वेगळे राहणं, दूध सुरक्षित होणं, या सगळ्यांची नावं घेतली जातात. या वादातल्या अभ्यासकांपैकी थॉमस मॅककिओनने अन्नावर भर दिला, आर्थर न्यूजहोमने त्याच्या कितीतरी आधी रोगी वेगळे ठेवण्यावर, सायमन झ्रेटरने नंतर सार्वजनिक आरोग्याच्या कामाची बाजू मांडली. माझं मत विचाराल तर एका भागाच्या वयाच्या टेबलवरून हा वाद सुटणार नाही, आणि सुटला असं सांगणाऱ्याचा आलेख दोनदा तपासा.

१७. १९१४ ते १८ ची वर्षं घेऊ का?

घ्या, पण वेगळी ठेवा. इतकी वर्षं उतरणारा दर युद्धात पुन्हा चढला. तरुण मुली दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेल्या, अन्नाची ओढाताण, वेड्यांच्या इस्पितळांत तर फारच मृत्यू झाले. शिवाय धडधाकट तरुण सैन्यात गेल्यामुळे गावात उरलेल्या पुरुषांत आजारी माणसांचं प्रमाण वाढलं आणि १५ ते ४५ चा पुरुषांचा दर त्यामुळेही फुगतो. इथे प्रश्न ९ मधला भागाकार जवळपास मोडतोच. १९१८ मध्ये वरून इन्फ्लुएंझा, ज्याने टीबीवालेही नेले.

१८. मुंबईचं असं टेबल काढून इंग्लंडशी तुलना करायची आहे. जमेल का?

मुंबई महापालिकेचे हेल्थ ऑफिसरचे वार्षिक रिपोर्ट आहेत, मृत्यूची कारणंही आहेत. अडचणी मात्र मुळातल्या आहेत, म्हणून एकास एक तुलना मी करणार नाही.

पहिली, बहुतेक मृत्यूंना डॉक्टरचा दाखलाच नसायचा. घरच्यांनी सांगितलं ते लिहिलं, त्यामुळे 'ताप' आणि 'श्वसनाचे आजार' या दोन मोठ्या पोत्यांत क्षयाचे असंख्य मृत्यू गेलेत. दुसरी, वय. जन्मतारीख कोणाला माहीत नसल्याने वीस, पंचवीस, तीस, चाळीस अशा गोल आकड्यांवर गर्दी. हे इंग्लंडमध्येही थोडं आहे, इथे खूपच. तिसरी, मुंबईत पुरुष भरमसाट आणि बायका त्यांच्या जेमतेम निम्म्याच्या आसपास, कारण गिरणी कामगार बायको-पोरं गावी ठेवून येत.

आणि चौथी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. गिरणीत काम करणारा रत्नागिरीकडचा किंवा घाटावरचा माणूस खोकल्याने खंगला, रक्त पडायला लागलं, की बिऱ्हाडातले लोक वर्गणी काढून त्याला गावी पाठवायचे. कोकणातला असेल तर बोटीने. तो मरायचा गावच्या घरी, आणि तिथे नोंद झालीच तर 'ताप' म्हणून. इंग्लंडने १९११ पासून मृत्यू राहत्या जागी परत आणायची व्यवस्था केली, प्रश्न ११ मध्ये आहे ती, तशी आपल्याकडे नव्हती. म्हणजे मुंबईच्या टेबलात २० ते ४५ वयाच्या पुरुषांची चौकट नेमकी जिथे सगळ्यात भरलेली असायला हवी तिथेच रिकामी होत गेली आहे, आणि तो माणूस गावातल्या आणखी चार जणांना आजार देऊन गेला असेल तर तेही कुठल्याच टेबलात नाही.

करायचंच असेल तर मुंबईतल्याच दोन वॉर्डांची तुलना करा, बायका आणि १५ वर्षांखालची मुलं घ्या, आणि 'श्वसनाचे आजार' ही ओळ टीबीच्या शेजारी कायम ठेवा.